हौदातलं आवण

मंचरहून कळंबकडे जाताना महामार्गापासून थोड्या आत असलेल्या आमच्या कॉलनीत ठकूबाई रोज सकाळी घरोघरचा ओला कचरा गोळा करतात. गल्ल्यांच्या तोंडाशी बांधलेल्या विटांच्या हौदांत त्या कचऱ्याचे खतही पूर्वी त्याच करीत असत. या आषाढात, ओढ्याकडच्या शेवटच्या हौदाच्या कठड्यावर बसून त्यांनी जे सांगितले, ते शक्य तितके त्यांच्याच बोलीत येथे उतरवले आहे.

माझं माहेर भीमाशंकरच्या अंगाला, आंबेगावच्या डोंगरात, आन् दिली मला मढला, म्हंजी जुन्नरच्या पार वरच्या टोकाला, माळशेजच्या वाटंवर. दोन्हीकडं भातच. तुमी खालची माणसं, तुमाला कांदा ठावा, बटाटा ठावा, आमाला भात, नाचणी, वरई, एवढंच. काय सांगू ताई तुमाला, लहानपणी मला कचरा म्हंजी काय ते ठाऊकच नव्हतं. घर झाडलं तर केर निघायचा, तो उकिरड्यावर, पर खाण्यातलं असं फेकण्यासारखं काय उरायचंच न्हाई. भाताची पेज म्हशीला, भांडी विसळल्यालं पाणी म्हशीला, कोंडा कोंबड्यांला, फणसाची साल शेरडाला, आन् शेरडानं बी तोंड फिरवलं तर उकिरडा, आन् उकिरड्याचं उन्हाळ्यात वावर. समदं फिरून परत घरात यायचं. मला वाटायचं समद्या जगात असंच आसंल. न्हाई वो. जग लई मोठं हाये आन् लई टाकतं, हे मला इथं कळलं.

आता राब म्हंजी काय ते तुमाला सांगते, न्हाईतर पुढचं कायबी कळायचं न्हाई. भात डायरेक खाचरात पेरत न्हाईत. आधी एका लहान वाफ्यात दाट पेरायचं, त्याचं रोप करायचं, त्या रोपाला आमी आवण म्हंतो, आन् ते आवण उपटून मग खाचरातल्या चिखलात लावायचं, ती आवणी. तर ज्या वाफ्यात आवण करायचं तो वाफा आधी भाजायचा. हिवाळ्यात झाडाच्या फांद्या तोडायच्या, त्या वाळल्या की वाफ्यावर शेण पसरायचं, वर फांद्या, वर पाचोळा, वर माती भुरभुरायची आन् उन्हाळा तापला की इस्तू लावून द्यायचा. हळूहळू धुमसतं, एकदम भडकू द्यायचं नसतं. जमिनीतलं तणाचं बी, किडे, समदं जळून जातं आन् राख राहती, त्या राखंत भाताचं आवण असं हिरवंगार निघतं की बघत बसावं. तो राब. आन् राबाला इस्तू लावायचा मान आमच्या घरात थोरल्या बाईचा. गडी माणूस फांद्या तोडंल, शेण वाहील, पर काडी ओढायची बाईनं. माझी सासू लावायची. ती अंथरुणाला खिळली त्या साली तिनं मला जवळ बोलावलं, काडेपेटी माझ्या हातात दिली आन् म्हणाली, ठके, वाऱ्याला पाठ करून लाव, घाई करू नको. एवढंच बोलली. कानातलं न्हाई दिलं, गळ्यातलं न्हाई दिलं, व्हतं कुटं द्यायला. काडेपेटी दिली. मला तेवढंच लई वाटलं.

मालक पोटाच्या दुखण्यानं गेले. लेक पदरात, संगीता, लहान व्हती. खाचर आमचं आन् माझ्या दिराचं, दामूभावजींचं, एकत्र. भावजी माणूस वाईट न्हाईत, आजबी मी त्यांला वाईट म्हणायची न्हाई, पर भात दोन घरांला पुरंल एवढं पिकत नव्हतं, आन् मी समोर बसून खाल्लं तर माझ्याच घशाखाली उतरलं नसतं. म्हणून मी लेकीला घेऊन खाली आले, आधी कांद्याच्या वखारीवर, मग तुमच्या ह्या कॉलनीत. जाताना भावजींला म्हणलं, मी राबाला येईन आन् आवणीला येईन. ते म्हणाले, वैनी, तुमचं घर हाये, या की. आमच्याकडं कागद कोण बघतो, आवणीला ज्याचा हात चिखलात असतो त्याचं पोतं खळ्यावर निघतं. म्हणून मी एक साल चुकवली न्हाई. उन्हाळ्यात आळेफाट्याला गाडी बदलून वर जायची, राबाला इस्तू लावायची, परत यायची. आषाढात परत जायची, गुडघाभर चिखलात वाकायची. दिवाळीच्या अंगाला माझ्या वाट्याचं पोतं यायचं, रायभोग भाताचं. तांदूळ काय, बाजारात बी मिळतो. पर ते पोतं आलं की मला वाटायचं, चला, आपण अजून कुणाचं तरी हावोत. हातपाय थकले की वर जायाचं, पडवीत पडायचं, तिथंच डोळं मिटायचं, असं मी मनाशी धरून ठेवल्यालं. लेक कळंबला दिली, ती म्हंती आई माझ्याकडं ये, पर जावयाच्या दारात किती दिस बसणार, तुमीच सांगा.

इथं कामाला लागले त्या पहिल्या दिवशीची गोष्ट. हातगाडी ढकलत निघाले, पहिल्याच घरात बाईनं डबा दिला, झाकण काढलं तर वर अख्खी भाकरी. शिळी बी न्हाई, ताजी, नुसती एका बाजूला करपलेली. मी म्हणलं, वैनी, चुकून पडली वाटतं. ती म्हणाली, चुकून कशाला, टाक की. मला ती भाकरी गाडीत टाकवंना. पदराआड धरली आन् पुढच्या गल्लीतल्या कुत्र्याला घातली. मग रोजच तसं निघायला लागलं, भात, वरण, लग्नातल्या जिलब्या, बारशाचा शिरा, मग पदराआड किती धरणार. सवय झाली. माणसाला कशाची बी सवय होते वो. लोकांची बी सवय झाली. मी दारात आले की आतून पोर वरडायचं, आये, कचरा आला! कचरा आला म्हंजी मी आले. माझं नाव ठकू हाये हे कितीजणांला ठावं असंल कॉलनीत? तुमी विचारलं व्हतं एकदा, म्हणून तुमच्याशी बोलते.

मग कमिटीनं ते हौद बांधले. प्रत्येक गल्लीच्या तोंडाला रस्त्याच्या कडंला विटांचा हौद, विटांमधी हवा जायला भोकं ठेवल्याली. एक शिकलेला पोरगा आला, त्यानं मोबाईलवर पिच्चर दाखवला, ओला कचरा असा टाकायचा, वर पाचोळा, वर माती, ताक शिंपडायचं, फावड्यानं वरखाली करायचं. मी मनात म्हणलं, अरे बाबा, हा उकिरडाच की, फकस्त त्याला भिंती घातल्या. चांगला पोरगा व्हता, मन लावून सांगत व्हता. पर एक गोष्ट मला नवी व्हती. त्यानं माझा हात धरून हौदाच्या मधोमध खुपसायला लावला आन् मी वरडले. आत गरम! चुलीच्या राखंसारखं गरम. सकाळी थंडीत फावडं मारलं की वाफ निघायची. कुणी काडी लावली न्हाई, जाळ न्हाई, धूर न्हाई, आन् आत इस्तू. मला लई नवल वाटलं. मी तासनतास बघत बसायची. तुमच्या समद्यांच्या ताटातलं उष्टं, देठं, साली, चहाची पावडर, अंड्याची टरफलं, त्याचं काळंभोर, मऊ, मातीचा वास येणारं खत व्हायचं. मूठ भरून घेतली तर हाताला घाण वाटायची न्हाई. त्या दिसांत मला कुणी कचरा म्हणलं तरी राग येत नव्हता. वर गेले की मी त्याचंच बोलायची. भावजी हसायचे, म्हणायचे, वैनी, खाली जाऊन उकिरड्याची मास्तरीण झाली आमची. जाऊ कौसा तोंडाला पदर लावून हसायची. हसणं व्हतं ते चांगलं व्हतं तवर.

आता वर काय झालं, तर झाडं तोडायला बंदी आली. जंगल राखायचं म्हंतात, राखावं, मी कुटं नाय म्हंते, पर राबाला फांद्या कुठनं आणायच्या? म्हशी बी विकल्या, शेण कुठनं आणायचं? भावजी वर्षभर त्याच घोरात. आन् इकडं खाली, गेल्या साली उन्हाळ्यात, कोपऱ्यावरल्या बंगल्यातल्या काकूंच्या मुलाचा साखरपुडा निघाला. त्यांच्या फाटकासमोरच एक हौद. काकूंनी कमिटीला सांगितलं, पुण्याची पावणी येणार, दारात उकिरडा बघून काय म्हणतील, आमची काय लाज हाये का न्हाई. बैठक झाली. मी दाराबाहेर उभी व्हते, मला समदं ऐकू येत व्हतं. कुणी म्हणालं वास येतो, कुणी म्हणालं उंदीर होतात, कुणी म्हणालं आमची शेती हाये आमाला खताचं काय कवतिक, दुकानातनं गोण्या आणतो. चेअरमन म्हणाले, मग काढूनच टाकू समदे हौद, कटकट नको. तुमी बी बसला व्हता त्या बैठकीत, शेवटच्या खुर्चीवर. तुमी कायबी बोलला न्हाई. मी राग धरत न्हाई, तुमच्या घरचा डबा कायम नीट असायचा, सांगायचं म्हणून सांगते. चेअरमन बाहेर आले आन् मला म्हणाले, मावशी, साखरपुड्याच्या आधी समदे रिकामे करा, ओढ्यात ढकलून द्या.

ओढ्यात! मी म्हणलं, साहेब, अजून पिकलं न्हाई हो, पाऊसकाळ निघू द्या, सोनं होईल. ते म्हणाले, सोनं तुमच्या घरी न्या. तेवढ्यावरच मी अडकले बघा. त्यांनी टोमणा मारला आन् मी तो खराच धरला. तरकारीच्या पिकअपवाल्याबरोबर भावजींला निरोप धाडला, खत पाहिजे असंल तर गाडी घेऊन या. भावजी आले. हौदात डोकावले, मूठ उचलली, नाकाला लावली, म्हणाले, वैनी, हे तर लई झ्याक हाये. मी म्हणलं, कडंचं अजून कच्चं हाये, भावजी, खाचरात टाका, नांगरटीत मिसळू द्या. ते म्हणाले, खाचराला कुटं पुरतंय, वाफ्यात टाकू, यंदा राबाचीच पंचाईत हाये. मी म्हणलं, मग भाजायचं कसं? तर त्यांनी मधोमध हात घातला आन् चटका बसला तसा मागं घेतला. हसले. म्हणाले, हे तर आधीच भाजतंय! आन् शिजवून खाल्लेलं अन्न हाये, वैनी, चुलीवरनं उतरल्यालं, त्याला परत कशाला इस्तू दाखवायचा. आन् ताई, मला ते पटलं. डोंगरातल्या माणसाला पटणारच वो. आमच्या डोक्यात इस्तू म्हंजी इस्तू, एकदा लागला की काम झालं. चुलीचा एकदा लागला, हौदाचा दुसऱ्यांदा लागला, आता तिसरा कशाला? आमी दोघांनी मिळून गाडी भरली. काकूंच्या बंगल्यावर लायटीच्या माळा लावत व्हते, वरनं एकजण म्हणाला, अरे, कचरा पण विकत नेतात का ही माणसं!

मी त्या गाडीतच वर गेले. वाफ्यावर खत पसरलं, काळंशार, गुळगुळीत, जसं काय वाफ्याला घोंगडी पांघरली. गावातली माणसं बघायला आली. काडेपेटी माझ्या कंबरंला व्हती, सवयीनं घेऊन गेलेली. कौसानं विचारलं, आक्का, इस्तू? भावजी म्हणाले, यंदा इस्तू न्हाई. मला थोडं कसंतरीच झालं, खोटं कशाला बोलू. वाऱ्याला पाठ करून जरा उभी राहिले आन् काडेपेटी परत कंबरंला खोवली.

पेरलं. पाऊस झाला. मी इथं व्हते. पिकअपवाला निरोप घेऊन आला, हसत हसत, म्हणाला, मावशी, तुमच्या वाफ्यात भात उगवलाय, पर त्याच्याबरूबर अख्खा बाजार बी उगवलाय! मी वर गेले तर काय बघते. टमाट्याची रोपं, मिरचीची रोपं, भोपळ्याचे कोंब ही एवढाली पानं काढून, कारली, कलिंगड, पपई, मधीच आंब्याची कोय फुटल्याली. तुमच्या कॉलनीत त्या उन्हाळ्यात जे जे खाल्लं ते समदं त्या वाफ्यात उभं. मधल्या खताला इस्तू व्हता, कडंच्याला नव्हता, आन् गाडी भरताना आमी मधलं आन् कडंचं एक केलं. आन् भात त्या गर्दीत खाली दबल्याला, पिवळा, केसासारखा बारीक. पोरं वरडायची, ठकूआजीचा मळा, ठकूआजीचा मळा! बायका पाण्याला जाताना वाट वाकडी करून बघायला यायच्या. एक म्हातारा व्हता आमच्या भावकीतला, तो हसला न्हाई. काठी टेकून उभा राहिला आन् म्हणाला, दामू, शंभर घरचं उष्टं आणून तू देवाच्या भाताच्या वाफ्यात घातलंस, आता नव्याच्या सणाला ह्या भाताचा पहिला तांदूळ देवापुढं ठेवशील कसा? झालं. तवर समदे हसत व्हते, त्या वाक्यानं हसणं बंद झालं. तण उपटून निघतं, ताई. असं बोलणं निघत न्हाई.

आवणीच्या दिवशी मी लुगडं खोचून बांधावर आले. आवण दुसऱ्यांकडनं उसनं आणल्यालं, कुणाकुणाच्या वाफ्यात उरल्यालं, इथली मूठ तिथली मूठ. मी पाय चिखलात घालणार तर कौसा म्हणाली, आक्का, तुमी बसा. मी म्हणलं, बसायला आले का मी? ती खाली बघून म्हणाली, लोक बोलतात, आक्का, तुमचे हात रोज त्यात असतात. त्यात म्हंजी कशात ते ती बोलली न्हाई. मी भावजींकडं बघितलं. भावजी भाड्याच्या बैलांमागं व्हते, त्यांनी मान वर केली न्हाई. खत दोघांनी भरल्यालं, वाफ्यात त्यांच्या हातानं पसरल्यालं, चटका त्यांच्या हाताला बसल्याला, आन् हात बाटला माझा. मी बांधावर बसले. समद्या बाया वाकून ओळीनं मागं मागं सरत चालल्या, गाणं म्हणत, आन् मी बांधावर पावणीसारखी. कुणीतरी मला चहा आणून दिला. चहा बी पावण्याला देतात तसा, बशीतनं.

आता पुढचं ऐका, आन् हसू आलं तर हसा. तो वाफा मोडला न्हाई त्यांनी. भात गेला तो गेला, पर भोपळ्याचे वेल चांगले धरले व्हते, टमाटा बी लागला. कौसानं ओतूरच्या बाजारात नेऊन विकला. त्याला उष्टं कुणी म्हणालं न्हाई. पितरपाटात मालकांचं पान घालायचं व्हतं, मला बोलावणं न्हाई, मीच लेकीला घेऊन गेले, नवरा माझा हाये. पितरांच्या जेवणाला भोपळ्याची भाजी लागतेच, तर भाजी व्हती. मी विचारलं, कौसा, भोपळा कुठला गं? ती चुलीकडं तोंड करून म्हणाली, कुठला म्हंजी, आपल्याच वाफ्यातला. घरावर घास टाकला. कावळा आला, भाताला शिवला न्हाई, वड्याला शिवला न्हाई, सरळ भोपळ्याची फोड उचलली आन् गेला. समदे म्हणाले, दादा तृप्त झाले बरं का. संगीताच्या डोळ्यात मातुर पाणी आलं, ती म्हणाली, आई, चल आपण जाऊ. आन् नव्याच्या दिवशी देवापुढं ठेवायला भावजींनी शेजारच्या वाडीतनं तांदूळ आणला म्हणं. दिवाळी झाली. माझं पोतं आलं न्हाई. मी कुणाला विचारलं बी न्हाई. आवणीला हात न्हाई, तर पोतं कशाचं.

इथलं तर तुमी बघताच. बाकीचे हौद फोडले, काकूंच्या दारातल्या हौदात आता शोभेची झाडं लावलीत, त्याला दुकानातलं खत घालतात. साखरपुडा झाला, लग्न झालं, पुण्याची सून आली. ओला कचरा वेगळा, सुका कचरा वेगळा, तुमी दोन डबे करता, मी दोन डबे उचलते, आन् महामार्गावर जी मोठी गाडी येते तिच्यात दोन्ही एकातच उपडे होतात. मग ती गाडी कुठं नेते ते तिलाच ठाऊक. मी डायव्हरला म्हणलं, अरे, मग वेगळं कशाला करायचं? तो म्हणाला, मावशी, वेगळं करायचा नियम हाये, वेगळं न्यायचा न्हाई. परवा नव्या सूनबाईनं डबा दिला, झाकण काढलं तर वर भाकरी. मी उचलली आन् आत टाकली. आता माझा हात थांबत न्हाई.

यंदा उन्हाळ्यात मी वर गेले व्हते. लेक नको म्हणत व्हती, आई, कशाला अपमान करून घेतीस. मी म्हणलं, मान माझा हाये, मी माझ्या मानासाठी जाते. आळेफाट्याला गाडी बदलली, मढला उतरले, उन्हातनं चालत वाफ्याकडं गेले, तर वाफा काळा. भाजून झाल्याला. बंदी असून बी भावजींनी कुठनं कुठनं काटक्या गोळा केल्या व्हत्या, गवत, पेंढा, जे मिळंल ते. राख अजून कोमट व्हती. इस्तू कौसानं लावला व्हता. कौसा काय वाईट बोलली न्हाई वो, उलट पाणी दिलं, म्हणाली, आक्का, उन्हाचं कशाला आला, निरोप धाडला असता. भावजी म्हणाले, वैनी, तुमाला तरास नको म्हणून उरकून घेतलं. तरास नको! माणसाला घराबाहेर काढायला शिव्या द्याव्या लागत न्हाईत, ताई. तरास नको म्हणलं की पुरतं. निघताना मी म्हणलं, कौसा, मूठभर रायभोगचं बी दे. ती म्हणाली, कशाला? मी म्हणलं, असंच, पाखरांला. तिनं पदरात घातलं, दोन मुठी घातल्या, तेवढा तिचा हात मोकळा हाये.

हा जो हौद, ज्याच्यावर आपण बसलोय, ओढ्याकडचा, हा फोडायचा राहून गेला, हिकडं कुणाची पावणी येत न्हाईत. तळाला जुनं खत व्हतं, आता पुरतं पिकल्यालं. मी त्याच्यावर कॉलनीतल्या बदामाचा पाचोळा घातला, गुलमोहराच्या काटक्या घातल्या, माती भुरभुरली, आन् वाऱ्याला पाठ करून सासूच्या काडेपेटीतली काडी... सासूची कुठली, ती तर कधीच संपली, पर मी प्रत्येक पेटीला सासूचीच म्हंते. इस्तू लावला. जरा धूर झाला तर काकू गच्चीवरनं वरडल्या, मावशी, अहो कपडे वाळत घातलेत! चेअरमन आले, म्हणाले, कॉलनीत जाळायला बंदी हाये, माहीत न्हाई का? मी म्हणलं, माहीत हाये साहेब, मला समद्या बंद्या माहीत हायेत. पाणी मारायला लावलं त्यांनी. पर तवर भाजून झालं व्हतं. मग बी टाकलं.

आन् हे बघा. बघा की वाकून. एक टमाटा न्हाई, एक भोपळा न्हाई, एक काडी तणाची न्हाई. नुसता भात. किती सारखा आलाय, जसा कुणी विंचरला. परवा काकूंची सून इथनं चालली व्हती, थांबली, म्हणाली, मावशी, किती छान गवत आहे, गवती चहा आहे का? मी म्हणलं, व्हय बाई, गवतच. तिला काय सांगायचं. मनानं चांगली पोर हाये, पहिल्यांदा कुणीतरी मी केल्यालं बघून छान म्हणलं.

वर आता आवणी चालू असंल. मला निरोप न्हाई. आवण असं हाये, ताई, की त्याचं एक वय असतं, त्या वयात ते चिखलात गेलं तर फुटवे धरतं, एकाचं दहा होतं. वय गेलं की बुडाला गाठ धरतं, मग कितीबी चांगल्या खाचरात लावा, नुसतं उभं राहतं, फुटत न्हाई. ह्याला अजून गाठ धरली न्हाई. मी रोज सकाळी गाडी काढायच्या आधी येऊन एक काडी उपटून बघते. आज बी बघितली. लावायच्या जोगतं हाये, अगदी लावायच्या जोगतं. ते तर मी केलं. खाचर कुठनं आणू?

असू दे. त्यांचं भात पिकू दे, चांगलं दाणेदार पिकू दे, कौसाची पोरं पोटभर खाऊ दे. मी कुणाला शिव्याशाप देत न्हाई, आता तेवढी बी ताकद न्हाई. चला, उठा तुमी, मला गाडी काढायचीय, सात वाजले की दारात उभ्या राहतात बायका, उशीर झाला की बोलतात. तुमचा डबा आणलाय का खाली? द्या इकडं.